बाहेर उभा माणूस

कमलाकांत सकाळच्या पाळीवरून सव्वातीनला घरी आला, तेव्हा सलोनीचा डबा ओट्यावर तसाच होता. भाकरी आणि सुकटीची चटणी. सकाळी निघण्याआधी त्याने स्वतः भरून ठेवला होता. त्याने झाकण उघडून पाहिलं आणि परत लावलं. पोरीला कॉलेजात सुकटीच्या वासाची लाज वाटत असेल, उद्यापासून बटाटा करू, असं मनाशी ठरवून तो हातपाय धुवायला गेला.

सालवडला त्याच्या दोन खोल्या होत्या. मूळ घर एडवणचं, मच्छीमाराचं. पण वडिलांची होडी भावाकडे गेली आणि कमलाकांत तारापूरच्या एका रसायनांच्या कारखान्यात लागला. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. बायको वत्सला चार वर्षांपूर्वी वारली. मुलगा अनुज वापीला नोकरी करत होता आणि सलोनी पालघरच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती.

आतल्या खोलीत सलोनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. आज लवकर आलीस का, असं त्याने विचारलं. ती "हं" म्हणाली. त्याने पंखा थोडा वाढवला आणि दार ओढून घेतलं. दिवाळीनंतर दोन महिने ही पोर रडत होती. भांडी घासताना, केस विंचरताना, कारण नसताना डोळ्यांतून पाणी यायचं. आता पंधरा दिवस झाले, रडणं थांबलं होतं. पोरगी सावरली, असं त्याने बहिणीला सांगूनही टाकलं होतं.

ती बहीण, रखमाबाई, त्याच दुपारी एडवणहून आली होती. अनुजचा साखरपुडा अकरा दिवसांवर आला होता. मुलगी किनाऱ्यावरच्याच चांगल्या घरातली. रखमाबाईनेच स्थळ आणलेलं, त्यामुळे साड्या कोणाला किती, जेवणात पापलेट का सुरमई, सगळं तिच्याच तोंडी होतं. ती बाहेरच्या खोलीत बसून नातेवाइकांची नावं घोकत होती, तेवढ्यात कमलाकांतचा फोन वाजला.

कॉलेजातून भाग्यश्री मॅडम बोलत होत्या. त्या सलोनीला वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. तक्रार करायला फोन केलेला नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं. सलोनी गेले तेवीस दिवस वर्गात आलेली नाही. आधी दोनदा फोन केला, तो तिनेच उचलला आणि बरी आहे म्हणाली. म्हणून आज तुम्हाला केला. ती कशी आहे?

तेवीस दिवस. रोज सकाळी तो डबा भरत होता. रोज ती कपडे करून त्याच्यासमोर उभी राहत होती.

रखमाबाईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळायचं ते कळलं. ती हळूच म्हणाली, "मलेरिया हाय सांग."

कमलाकांतने तेच सांगितलं.

आता हे खोटं त्याच्या तोंडी इतकं सहज कसं आलं, हे सांगायचं तर वत्सलाचं सांगावं लागेल.

वत्सलाला झोप लागेना, तिथून सुरुवात झाली. मग बोंबील साफ करता करता तिचे हात थांबायचे आणि ती नुसती बसून राहायची. रखमाबाई म्हणाली, बाहेरचं हाय. मनोरच्या पलीकडे एका भगताकडे नेलं. कोंबडा झाला, लिंबू झाले, गळ्यात दोरा आला. बोईसरच्या डॉक्टरांनी मात्र बघितल्याबरोबर चिठ्ठी लिहून दिली की पालघरला मनोविकाराच्या डॉक्टरांना दाखवा, हा आजार औषधाने बरा होतो. कमलाकांत जाणार होता. पण रखमाबाईने त्याला बाजूला घेतलं. पोरं लग्नाची व्हतील उद्या, तवा हा कागद कोन बाहेर काढनार ते सांगता येत नाय, असं ती म्हणाली. आईला वेडाचं औषध चालू होतं, एवढं कानावर गेलं की झालं. त्यांच्या समाजात लग्नातली दोन्ही घरं एकमेकांना तीन पिढ्यांपासून ओळखतात. तिथे असली गोष्ट लपवायची ती आजची रीत नव्हती. वेड लागलेल्या माणसाला "बीपी" असायचा, आणि जीव दिलेल्या माणसाचा "पाय घसरलेला" असायचा.

ती चिठ्ठी त्याच्या कामाच्या पँटच्या खिशात राहिली. वत्सलाने पँट धुतली तेव्हा चिठ्ठीचा लगदा झाला. तिने तो लगदा टाकला नाही. हलक्या हाताने उलगडून खिडकीच्या गजाशी वाळत ठेवला. अक्षरं सगळी गेली होती. संध्याकाळी त्याने ते पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो हातपाय धुवायला गेला.

त्यानंतर काही दिवसांनी ती शांत झाली. रडेना, तक्रार करेना. कमलाकांतने कारखान्यात सांगितलं, बायको बरी आहे आता. त्याच आठवड्यात एका सकाळी वत्सला एडवणला गेली, ती खाडीवरून परत आली नाही.

बाराव्याला रखमाबाईने दोन्ही पोरांना समोर बसवलं. कोणी विचारलं तर काय सांगायचं, ते एकदा अनुजकडून म्हणवून घेतलं, एकदा सलोनीकडून. सलोनी तेव्हा पंधरा वर्षांची होती. आईचा पाय घसरला, असं ती खाली मान घालून म्हणाली. कमलाकांत तिथेच बसला होता.

मलेरियाचं सांगितल्यावर मॅडम गप्प बसतील, असं त्याला वाटलं होतं. पण रविवारी सकाळी त्या दारात उभ्या राहिल्या. बरोबर मासवणची मेघाली होती, सलोनीच्याच वर्गातली. गळ्यात ओढणी घट्ट गुंडाळलेली, हातात पेरूची पिशवी. तिने सरळ आतल्या खोलीत जाऊन सलोनीच्या शेजारी जमिनीवर बसकण मारली. मॅडम बाहेर बसल्या. रखमाबाईने चहा टाकला आणि कान आत लावले.

मॅडमनी मलेरियाचं काही विचारलं नाही. त्या कॉलेजाचं सांगत राहिल्या. पूर्वी हजेरी कमी असलेल्या मुलांची यादी फळ्यावर लागायची. तीन वर्षांपूर्वी एका मुलाचं नाव त्या यादीत पहिलं होतं. परीक्षेच्या आधी तो मुलगा जिवाने गेला. महिनाभर तो वर्गात नव्हता आणि सगळ्यांनी त्याचं नाव फक्त यादीत वाचलं होतं. तेव्हापासून यादी बंद केली. पाच दिवस कोणी दिसलं नाही तर आता फोन जातो. समुपदेशक ताई आठवड्यातून एकदा यायच्या, पण त्यांची खोली ऑफिसच्या समोर होती. सगळ्यांच्या देखत आत कोण जाणार? ती खोली ग्रंथालयाच्या मागे नेली, तेव्हा मुलं जायला लागली. आणि प्रत्येक वर्गातल्या दोघा-तिघांना शिकवून तयार केलं, कारण पोरं मास्तरांना सांगत नाहीत, एकमेकांना सांगतात.

"म्हंजे ही पोर औषीद देनार?" रखमाबाईने आत बोट करून विचारलं.

"नाही हो मावशी," मॅडम म्हणाल्या. "विचारायचं, ऐकायचं, एकटं सोडायचं नाही, आणि आमच्यापर्यंत आणायचं. एवढंच तिचं काम."

तेवढ्यात आतून मेघालीचा आवाज आला. तिने आवाज वर केला नव्हता की खाली. गणिताचं उत्तर विचारावं तसं तिने विचारलं, "सलोनी, तुला जीव द्यावासा वाटतो का?"

रखमाबाईने चहाची बशी खाली ठेवली. ती उठून दाराशी गेली. "गो, तुला अक्कल हाय का? पोरीच्या डोक्यात नको ते घालतेस?"

मॅडमनी तिचा हात धरला. विचारल्याने ते डोक्यात जात नाही, हे पुन्हा पुन्हा तपासून झालेलं आहे, असं त्यांनी सांगितलं. ते तिथे असेल तर आधीच असतं. विचारलं की माणसाला ते एकट्याने वाहावं लागत नाही.

 आतून सलोनी म्हणाली, "हो. रोज."

कमलाकांत खुर्चीतून उठून उभा राहिला. रडणं थांबलं म्हणून तो पंधरा दिवस सुखाने झोपत होता.

मॅडमनी मंगळवारची वेळ ठरवली, पालघरला डॉक्टर हेतल यांच्याकडे. तोवर तिला एकटं ठेवायचं नाही. मेघाली दोन दिवस इथेच राहील. घरातल्या गोळ्या, कारखान्यातून आणलेलं काही असेल ते, सगळं कुलपात घाला. मग निघताना त्यांनी विचारलं, "घरात आधी कोणाला असा त्रास होता का? डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो."

सलोनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती बापाकडे पाहत होती.

"नाय," कमलाकांत म्हणाला.

तिने मान खाली घातली आणि आत गेली.

सोमवारी कारखान्यात एक मोठी टाकी साफ करायची होती. असं काम असलं की एक माणूस आत उतरतो आणि एक माणूस बाहेर, टाकीच्या तोंडाशी उभा राहतो. बाहेरच्याला दुसरं काहीही काम नसतं. दर थोड्या वेळाने आतल्याला नावाने हाक मारायची आणि उत्तर ऐकायचं. उत्तर आलं नाही तर स्वतः आत उडी घ्यायची नाही. आरडाओरडा करायचा, माणसं बोलवायची, दोर ओढायचा. कमलाकांतने हे काम शेकडो वेळा केलं होतं. बाहेर कमलाकांत उभा असेल तर आत जायला कोणी कुरकुरत नसे.

त्या दिवशी आत रामकिसन होता, गोरखपूरकडचा वेल्डर, वीस वर्षांपासूनचा सोबती. जेवणाची सुट्टी झाली, दोघं परत आले. सकाळी टाकीच्या तोंडाशी सडक्या अंड्यासारखा वास होता. रामकिसनने आत डोकं घालून हुंगलं आणि हसला. "भैया, अब तो बास ही नहीं है. पाँच मिनट में निपटा देते हैं." असं म्हणत त्याने पाय आत टाकला.

कमलाकांतने त्याचा पट्टा धरून त्याला मागे खेचलं. मग दोरीला बांधून गॅस मोजायचा मीटर आत सोडला. मीटर ओरडायला लागला, तो थांबेना.

रामकिसन टाकीपासून दूर सरकला. ही गोष्ट दोघांनाही माहीत होती. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतात. हा गॅस थोडा असला की वास येतो. फार झाला की नाक मरतं आणि वास येत नाही. वास गेला म्हणून जो निर्धास्त आत जातो, तो परत येत नाही.

सव्वीस वर्षं कमलाकांत हे नव्या माणसांना शिकवत आला होता. तो टाकीच्या कडेला टेकून उभा राहिला आणि त्याला वत्सलाचा शेवटचा आठवडा आठवला. ती रडेना, म्हणून तो निर्धास्त झाला होता. चार महिने ती आत होती. त्याने एकदाही हाक मारून उत्तर ऐकलं नव्हतं. आणि काल दुसरी, सलोनी, आतून बघत होती, तेव्हा तो नाय म्हणाला होता.

"तबियत ठीक है ना भैया?" रामकिसनने विचारलं.

"नहीं है," कमलाकांत म्हणाला.

मंगळवारी त्याने रजा टाकली. रखमाबाई हट्टाने बरोबर आली. डॉक्टर हेतल पन्नाशीच्या होत्या, चष्मा कपाळावर. मेघाली बाहेर बसली. डॉक्टरांनी सलोनीला झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं. मग आईचं विचारलं.

"आईचा पाय घसरला," सलोनी म्हणाली. चार वर्षांपूर्वी म्हणवून घेतलं होतं, त्याच आवाजात.

"नाय घसरला," कमलाकांत म्हणाला.

"कमल्या," रखमाबाई म्हणाली. "आठ दिवसांवर साखरपुडा हाय."

"ऱ्हावूंदे, बाय." तो डॉक्टरांकडे वळला. "हिची आई आजारी होती. मनाने. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती, मी नेली नाय. तिने जीव दिला. आमी सगळ्यांनी मिळून खोटं सांगितलं, आनि या पोरीकडून पन सांगवलं."

सलोनी इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हुंदका देऊन रडली. बराच वेळ रडली. डॉक्टरांनी तिला थांबवलं नाही. मग ती तुटक तुटक बोलायला लागली. त्या दिवशी सकाळी आई म्हणाली होती, आज शाळेत नको जाऊ. तिची चाचणी होती, ती गेली. चार वर्षं हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. पाय घसरला असं सगळे म्हणत होते. मग सांगायचं तरी काय आणि कोणाला? ती थांबली असती तर, एवढंच रोज डोक्यात यायचं.

"तू पंधरा वर्षांची होतीस," डॉक्टर म्हणाल्या. "त्या घरात मोठी माणसं होती."

कमलाकांतने मान हलवली. हे वाक्य त्याच्यासाठी होतं आणि त्याने ते घेतलं.

औषधं सुरू झाली. दर आठवड्याला समुपदेशक ताईंकडे बसायचं ठरलं. हे लवकर होणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणि ते झालंही नाही. दुसरं वर्ष वाया गेलं. काही दिवस ती केस विंचरायची, काही दिवस नाही. मेघाली रोज संध्याकाळी फोन करायची, कधी नुसत्या वर्गातल्या गमती सांगायला.

कमलाकांत स्वतः अनुजच्या होणाऱ्या सासरी गेला. त्यांना बाहेरून कळण्याआधी आपण सांगावं, असं त्याला वाटलं. त्यांनी चहा दिला, बोंबील दिले, दारापर्यंत पोचवायला आले. दोन दिवसांनी पत्रिका जुळत नाही असा निरोप आला. अनुजने वापीहून फोन केला. आईला तर नाय सांभाळलं तुमी, आता माझं पन मोडलं, एवढं बोलून त्याने ठेवला. पावसाळा सुरू झाला तरी त्याचा परत फोन आला नव्हता. कमलाकांत दर रविवारी करायचा. घंटी पूर्ण वाजू द्यायचा.

रखमाबाई एडवणला गेली ती महिनाभर आली नाही. मग एक दिवस सुक्या बोंबलाची पिशवी घेऊन आली, सलोनीच्या उशाशी बसली, तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. जाताना दारात चप्पल घालता घालता म्हणाली, "माजा नवरा बुडाला तवा मला पन असंच व्हायचं रं. सहा महिने. कोनी इचारलं नाय." आणि कमलाकांतने काही म्हणायच्या आत ती पायऱ्या उतरून गेली.

जुलैत कॉलेजात पालकांची सभा झाली. चाळीसेक माणसं आली होती. मॅडम समुपदेशक ताईंचं आणि शिकवून तयार केलेल्या मुलांचं सांगत असताना एक गृहस्थ उठले. पोरांना शिकवा, त्यांच्या डोक्यात मरणाचं भरू नका, उद्या यांची लग्नं व्हायची आहेत, असं ते म्हणाले. काही जणांनी माना डोलावल्या.

कमलाकांत उभा राहिला. त्याला सभेत बोलायची सवय नव्हती. त्याने पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली.

"माझी बायको या आजाराने गेली," तो म्हणाला. "पाय घसरून नाय गेली. आमी चार वर्षं तसं सांगितलं, लग्नासाठी. मुलाचं लग्न मोडलंच. मुलगी पन जानार होती. तिला या पोरीने विचारलं म्हनून ती आज घरी हाय." मेघालीकडे त्याने हात केला. मग टाकीचं सांगितलं. बाहेर एक माणूस उभा असतो, त्याला दुसरं काम नसतं, ते सांगितलं. "कारखान्यात परक्या माणसासाठी मी उभा राहतो. घरात नाय राहिलो."  तो खाली बसला.

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. ते गृहस्थ हातातल्या छत्रीकडे बघत राहिले. सभा संपल्यावर माणसं पांगली. एक बाई मात्र मागे रेंगाळली. तिने मॅडमना कोपऱ्यात नेऊन विचारलं की त्या समुपदेशक ताई कोणत्या वारी बसतात, आणि मागच्या बाजूने यायला वाट आहे का.

कमलाकांत आता घरी आला की आधी डबा बघत नाही. दारातच उभा राहून हाक मारतो.

"सलोनी."

बहुतेक दिवशी "हं" येतं. कधी "आले पप्पा" येतं, आणि त्या दिवशी त्याला भाकरी गोड लागते. एखाद्या दिवशी उत्तराला वेळ लागतो. तेव्हा तो चप्पल काढत नाही, पिशवी खाली ठेवत नाही, पुन्हा एकदा नावाने हाक मारतो आणि उभा राहतो. समोर भिंतीवर वत्सलाचा फोटो आहे. शेजारच्या खिडकीच्या गजाशी तिने एकदा त्या चिठ्ठीचा कागद वाळत ठेवला होता. तेव्हा ती त्याला हाक मारत होती, हे त्याला आता कळतं. तो फोटोकडे बघत नाही. उत्तर येईपर्यंत तो कान आतल्या खोलीकडे लावून उभा असतो.